नाव एक, पेशी दोन

८ फेब्रुवारी

जंतू नाहीत! हुश्श!

चाचणीची पट्टी स्वच्छ आली. तीनदा उजेडात धरून पाहिली. लंबू म्हणाला, "काकू, पट्टीला नजर लागेल आता." लंबू म्हणजे आमच्या मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी. लॅबच्या दारातून वाकूनच आत येतो. वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, लॅबमध्ये मात्र चार वर्षांनी थोरला. 'काकू' हे बारसं त्यानेच केलं. आता मॅडम सोडून सगळे काकूच म्हणतात. मॅडम म्हणत नाहीत, कारण त्या माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान आहेत. मी काकू झाले तर त्या कोण होणार!

तर माझ्या पेशींना संसर्ग झालेला नाही. मग मेल्या मरत का नाहीत?

९ फेब्रुवारी

लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

'चौदा नंबर' हे मॅडमचं लाडकं रसायन. यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकलं की पेशी मरतात. लंबूच्या हातून तीन वर्षं मरतायत. त्याच नावाच्या पेशी, तेच रसायन, तीच थाळी, पण माझ्या हातून ढिम्म! चौपट डोस दिला तरी मजेत. तीन दिवसांनी आम्ही एक रंगाची चाचणी करतो, त्यात जिवंत पेशी जांभळ्या होतात. माझी अख्खी थाळी जांभळी. थाळीला शहाण्णव छोटे खड्डे, एकही फिका नाही.

माझा एमएस्सीचा प्रकल्प काय, तर चौदा नंबरने पेशी नेमक्या कशा मरतात ते शोधणे. एप्रिलअखेर प्रबंध द्यायचाय. आधी मरायला तर हव्यात!

मॅडमनी फक्त विचारलं, "तुम्ही पिपेट नीट धरता ना?" तोंडात मारल्यासारखं झालं. सोळा वर्षं पॅथॉलॉजीत रक्ताच्या नळ्या हाताळल्या मी.

१३ फेब्रुवारी

आज विभागात करिअर मार्गदर्शन. पाहुणे सुटात. पहिल्याच चित्रावर मोठ्या अक्षरात — 'जैवतंत्रज्ञान : अमर्याद संधी'. औषधं, लसी, बियाणं, खाद्यपदार्थ, प्रदूषण, न्यायवैद्यक. सगळीकडे आम्हीच. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, यातली एखादी संधी या जूनमध्ये आहे का?" हॉल हसला. पाहुणेही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.

आमच्या आधीच्या तुकडीचा हिशेब मला तोंडपाठ आहे. एकजण उपकरणं विकतो. दोघी परदेशी गेल्या. एक शाळेत विज्ञान शिकवते आणि खूश आहे. चौघं स्पर्धा परीक्षा देतात. बाकीचे 'बघतोय' म्हणतात.

मला बघत बसून चालणार नाही. नवऱ्याशी बोलणं झालंय ते स्पष्ट आहे. दोन वर्षं माझी, तिसऱ्या वर्षी नोकरी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. या दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशीही लोकांच्या इमारतींत लोंबकळलाय. एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळे मला जास्तच टोचतं. जुन्या डॉक्टरांनी पॅथॉलॉजीतली माझी जागा पंधरा जूनपर्यंत धरून ठेवलीये. तिथे मी डोळे मिटून काम करू शकते. तेच तर नको होतं म्हणून आले इथे.

खरी आशा एकच. मेमध्ये औषधं तपासणारी एक कंपनी मुलाखती घेणार आहे. एक जागा. पेशी वाढवण्याचा अनुभव पाहिजे आणि पूर्ण झालेला प्रकल्प.

१४ फेब्रुवारी

थाळी जांभळी.

१९ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं. खुर्चीत बसवलं, म्हणजे काहीतरी गंभीर. "हे बघा, वेळ कमी आहे. हवं तर ग्रंथालयातून करता येईल असा विषय घ्या. प्रयोग नकोत. पास व्हाल आरामात."

पास व्हायला आले होते का मी? ग्रंथालयातला प्रबंध घेऊन त्या कंपनीच्या दारात कोण उभं करेल? म्हटलं, "एक शेवटची संधी द्या." मग त्याच म्हणाल्या, "ठीक आहे. लंबूच्या पेशी घ्या. निदान तुमचा हात कळेल."

माझ्याकडच्या पेशी लंबूच्या नाहीत, हे इथे लिहून ठेवायला हवं. डिसेंबरमध्ये माझ्या बाटलीत बुरशी झाली होती. त्या आठवड्यात लंबूकडे वाटायला पेशी नव्हत्या. तेव्हा मॅडमनीच नायट्रोजनच्या टाकीतली एक जुनी कुपी काढून दिली. सहा वर्षांपूर्वी गोठवलेली. लेबलावर नाव तेच.

२३ फेब्रुवारी

मेल्या!! मेल्या, मेल्या, मेल्या!

लंबूच्या पेशी माझ्या हातून मेल्या. थाळीच्या डाव्या बाजूला जांभळं, मग फिकं, मग पाण्यासारखं. किती सुंदर दिसतं ते! माझा हात चांगला आहे. पिपेट नीट धरते मी! बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून घेतलं आणि तोंड धुऊन आले. लंबूने विचारलं, "काकू, सर्दी झाली का?"

घरी सांगितलं. लेक म्हणाली, "आई, कुणीतरी मेलं म्हणून इतकी खूश असलेली पहिलीच बाई पाहतेय." ती अकरावीत आहे आणि तिला वाटतं तिच्याइतकं विनोदी जगात कुणी नाही. नवरा नुसता हसला आणि ताटात डोकं घालून जेवत राहिला.

२६ फेब्रुवारी

मॅडम खूश. "चला, आता याच पेशींवर पुढचं करा. आठवड्यात आलेख तयार होतील."

होतील. मग मी तिथेच का घुटमळतेय?

दोन्ही बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. लंबूच्या पेशी भराभर वाढतात, पसरतात, एकमेकींत जागा ठेवतात. माझ्या मंद. घोळके करून बसतात. लंबू म्हणतो, "तुमच्या सहा वर्षं झोपून उठल्यात, आळस असणारच." खरंही असेल. पण दोन महिने झाले आता, एवढा कसला आळस?

२८ फेब्रुवारी

पॅथॉलॉजीत पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी शिकवलं होतं. एकाच नावाच्या दोन नळ्या आल्या आणि निकाल वेगळे निघाले, तर रिपोर्ट बाहेर सोडायचा नाही. आधी नळी कुणाची ते बघायचं. पेशंट कितीही ओरडू दे.

इथे तेच झालंय. नाव एक, निकाल दोन.

पण इथे ओरडणारी पेशंट मीच आहे. चूप बसले तर एप्रिलमध्ये प्रबंध, मेमध्ये मुलाखत. तोंड उघडलं तर दोन-तीन आठवडे तसेच जाणार. आणि निघालं काही भलतंच, तर ते लंबूच्या डोक्यावर फुटणार. पेशींची बाटली कशी धरायची ते त्याने मला शिकवलं. पहिल्या महिन्यात मी झाकण उघडं ठेवून शिंकले होते, तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही.

१ मार्च

विचारलं एकदाचं. सगळ्यांसमोर, बैठकीत. "मॅडम, दोन्ही पेशींची ओळखचाचणी करून घेऊ या का? डीएनएची."

सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, "काकू पेशींना ओळखपत्र मागतायत!" लंबू सर्वात मोठ्याने हसला. मीही हसले, पण खाली बसले नाही. नळ्यांची गोष्ट सांगितली. मॅडमचं हसू हळूहळू गेलं. त्यांचा शोधनिबंध जानेवारीत नियतकालिकाकडे गेलाय. परीक्षक वाचतायत. चौदा नंबर आणि यकृताच्या पेशी, सगळा लंबूचा डेटा.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "पाठवा. दोन्ही."

२ मार्च

लंबूने आज चहाला बोलावलं नाही. मी आपली एकटीच यंत्राचा चहा घेऊन खिडकीपाशी उभी राहिले.

९ मार्च

निकाल नाही. दोन्ही पेशींवर सगळे प्रयोग समांतर चालू ठेवलेत. दुप्पट काम. पाय सुजलेत. नवऱ्याने गरम पाण्याची बादली आणून ठेवली. म्हणाला, "तुझ्या त्या पेशी मरायच्या आधी तू नको मरू."

१५ मार्च

अहवाल आला.

माझ्या पेशी यकृताच्या. अगदी बरोबर. सगळ्या खुणा जुळल्या.

लंबूच्या पेशी यकृताच्या नाहीतच. दुसऱ्याच कर्करोगाच्या आहेत. आमच्याच लॅबमध्ये वाढवतात ती जात, भराभर वाढणारी. कधीतरी मिसळली आणि मूळच्या पेशींना खाऊन बसली.

म्हणजे चौदा नंबर यकृताच्या पेशींना काहीच करत नाही. माझी जांभळी थाळी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती!

जीव भांड्यात पडला, हे आधी लिहिते. खोटं कशाला लिहू? आधी माझाच जीव भांड्यात पडला. तोपर्यंत लंबूकडे पाहिलंच नव्हतं. मग पाहिलं. तो कागद वाचत होता. पुन्हा पहिल्या ओळीपासून. मग उठला आणि मागे जाऊन काचेची भांडी घासायला लागला. ते काम त्याचं नाही. दोन तास घासत होता. कुणी जवळ गेलं नाही. मीही नाही गेले, आणि त्याची लाज वाटतेय.

१६ मार्च

मॅडमनी शोधनिबंध मागे घेतला. आम्हाला बोलावून सांगितलं. म्हणाल्या, "छापून यायच्या आधी कळलं. छापल्यावर कळलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही." मग माझ्याकडे वळून, "पिपेटबद्दल बोलले होते, ते मागे घेते."

मी म्हटलं, "असू द्या हो." पण बरं वाटलं! खूप बरं वाटलं.

लंबू आला नाही.

१९ मार्च

लंबू आला. सरळ माझ्या टेबलापाशी. मी उभी राहिले.

"काकू, कधी झालं ते आठवलं मला. दुसऱ्या वर्षी पेशी हाताळायचं एक कॅबिनेट महिनाभर बंद पडलं होतं. दोन्ही जातींच्या पेशी एकाच कॅबिनेटमध्ये हाताळायचो. घाई असायची. पोषणद्रवाची बाटली एकच वापरली. त्या पेशींचा एक थेंब परत बाटलीत गेला असेल."

म्हटलं, "माझ्यावर राग आहे का रे?"

"होता. तीन दिवस. पण सांगू का? वर्षभर मला कळत होतं की या फार लवकर वाढतायत. दर वेळी म्हणायचो, माझा हात बसलाय. परवा रात्रभर ढाराढूर झोपलो. कितीतरी महिन्यांनी."

मग त्याने माझ्या कपातला निम्मा चहा न विचारता स्वतःच्या कपात ओतून घेतला. समेट झाला म्हणायचा.

४ एप्रिल

मॅडमनी माझ्या प्रबंधाचं शीर्षक बदललं. आता विषय, चौदा नंबर यकृताच्या पेशींवर का चालत नाही. न चालण्याचा प्रबंध! लेक म्हणाली, "म्हणजे काहीच होत नाही, हे सिद्ध करून पदवी मिळते? मग मी आजच प्रबंध द्यायला तयार आहे."

गंमत अशी की कामात जीव लागलाय. पेशी औषध आत घेतात आणि बाहेर फेकून देतात, असं दिसतंय. कशा फेकतात? अजून कुणाला माहीत नाही. लॅबमधून निघताना बाटल्यांना 'येते गं' म्हणाले आज. नशीब, कुणी ऐकलं नाही.

३० एप्रिल

दिला! प्रबंध दिला! तीन प्रती, बांधलेल्या, पाठीवर सोनेरी अक्षरात माझं नाव. नवऱ्याने प्रत हातात घेऊन पहिलं पान वाचलं, मग शेवटचं. म्हणाला, "मधलं सावकाश वाचतो." वाचणार नाही. पण टीव्हीशेजारी उभी करून ठेवलीये.

१४ मे

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक आधी वयावर घसरले, "या वयात ही हौस?" आणि मग ओळखचाचणीवर अर्धा तास बोलत बसले. त्यांच्या लॅबमध्ये शेवटची चाचणी कधी झाली, असं मी विचारलं. त्यांनी पाणी मागवलं. पास झाले, चांगल्या श्रेणीत.

२१ मे

कंपनीत मुलाखत. काचेचं दार, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या, सोफ्यावर पाच उमेदवार. आणि सोफ्यात मावत नसलेला सहावा — लंबू!

"तू?" म्हटलं. कानापर्यंत लाल झाला. "पीएचडी सोडतोय, काकू. पुन्हा पहिल्यापासून नाही जमणार मला. मॅडमना सांगितलंय. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं, जागा एकच आहे ना."

आत एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात. विचारलं, "तुमच्याहून लहान माणसं तुमचे वरिष्ठ असतील. चालेल?" म्हटलं, "माझ्या मॅडम तीन वर्षांनी लहान आहेत. रोज रागावतात. चालतं." हसल्या. ओळखचाचणीची चौकशी केली. चूक कुणाची, तेही विचारलं. म्हटलं, "लॅबची."

बाहेर आल्यावर लंबूला विचारलं, तुला काय विचारलं? तेच विचारलं होतं. "चूक माझी, म्हणून सांगितलं." दोघं बसस्टॉपवर उभे राहिलो. त्याने माझ्यासाठी हात करून बस थांबवली. उंचीचा तेवढा फायदा.

२८ मे

बाटल्या रिकाम्या करायला लॅबमध्ये गेले. मॅडम एकट्याच होत्या. म्हणाल्या, लंबूच्या जागी माणूस शोधतेय. पेशी औषध कशा फेकतात, तोच विषय. "कुणी आहे का तुमच्या तुकडीत? घाई न करणारं, शंकेखोर?" मी तिघांची नावं सांगितली. त्यांनी एकही लिहून घेतलं नाही.

माझ्या पेशी फेकवल्या नाहीत. चार कुप्या गोठवून ठेवल्या. लेबलावर तारीख, नाव आणि ओळखचाचणीचा क्रमांक, पुसला न जाणाऱ्या शाईने.

१० जून

लंबूला नोकरी लागली! माझं नाव प्रतीक्षायादीत.

फोन त्यानेच केला. रडका आवाज. "काकू, माफ करा." म्हटलं, "गप रे, पेढ्यांऐवजी चांगला चहा पाज." खरंच आनंद झाला. फोन ठेवला आणि काय वाटलं सांगू? हायसं. वाईट वाटायची वाट बघत स्वयंपाकघरात उभी राहिले. वाटलंच नाही. लंबूचं भलं झालं म्हणून असेल.

१३ जून

घरात सगळे माझ्याशी जपून बोलतायत. लेक चहा करून देते आहे, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. नवरा म्हणाला, "डॉक्टरांना फोन करून टाक. दोन दिवस राहिलेत. पगार वाढवून माग, आता एमएस्सी आहेस." किती सहज म्हणाला. चेहऱ्यावर कुठे नाराजी नाही. हा माणूस भांडला असता तर सोपं गेलं असतं.

करते, म्हटलं.

१५ जून

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या.

मग मॅडमना केला. लंबूची पीएचडीची जागा अजून रिकामी आहे का, विचारलं. त्या म्हणाल्या, "पाच वर्षं लागतील." म्हटलं, माहीत आहे.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.